साहेब, आधी शिळे पाणी उपसा

मा. प्रादेशिक अधिकारी यांस,

औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाच्या तिन्ही निरीक्षण विहिरींचे पाणी ‘विहित मर्यादेत’ असल्याचा अहवाल ग्रामपंचायतीला मिळाला. अभिनंदन! शेजारच्या शेतविहिरीच्या पाण्याला गुरे तोंड लावत नाहीत, आणि निरीक्षण विहिरी मात्र कागदावर निर्मळ. याचे श्रेय नमुना घेणाऱ्यांनाच द्यावे लागेल.

अर्ज, स्मरणपत्रे, पोचपावत्या आपल्या दप्तरी आहेतच. गावाचा प्रश्न एकच होता आणि त्याला उत्तर आलेले नाही: नमुना भरण्याआधी निरीक्षण विहिरीच्या नळीतले पाणी उपसले होते का?

लोकांनी पाहिले ते असे. झाकण उघडले, पोहरा सोडला, वर आलेले पहिलेच पाणी बाटलीत भरले, जीप निघाली.

नळीत महिनोन्महिने उभे राहिलेले पाणी म्हणजे भूजल नव्हे, हे आपल्या खात्याला गावाने शिकवावे लागते! त्या पाण्याला वरून हवा लागते. विरघळलेले लोह गंजून तळाशी बसते आणि बसताना आर्सेनिकलाही सोबत नेते. सॉल्व्हंट उडून जातात. जे शोधायला विहीर खणली, नेमके तेच निसटते. आता हिशेब. 100 मिलिमीटर व्यासाच्या नळीत 20 मीटर पाणी उभे असेल, तर ते सुमारे 157 लिटर होते. जुना दंडक ते किमान तीनदा पालटण्याचा, म्हणजे 471 लिटर. लिटरभराच्या पोहऱ्याने 471 खेपा. तेवढा घाम गाळायचा नसेल, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1996 मध्येच दुसरी वाट छापून ठेवली आहे: मिनिटाला 100 ते 500 मिलिलिटर अशा संथ गतीने पंप चालवायचा, पातळी 10 सेंटिमीटरहून जास्त उतरू द्यायची नाही आणि लागोपाठच्या तीन नोंदी जुळेपर्यंत थांबायचे. सामू 0.1 च्या आत, विद्युतवाहकता 3 टक्क्यांच्या आत, गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन 10 टक्क्यांच्या आत. आपल्या अहवालात यातली एकही नोंद नाही.

चूक उलट्या बाजूनेही होते. पोहरा धपकन सोडला की तळचा गाळ ढवळतो. तो बाटलीत आला आणि वर नायट्रिक आम्ल टाकले, की मातीच्या कणांतले धातूही पाण्याच्या खाती जमा होतात. उद्या शिसे लिटरला 0.01 मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर निघालेच, तर कारखान्याचा वकील हाच गाळ दाखवील. आणि त्याचे म्हणणे खोटे नसेल.

त्यात तोच पोहरा आणि तीच दोरी, न धुता, तिन्ही विहिरींत. सर्वांत घाण विहीर आधी, स्वच्छ शेवटी. क्रम नेमका उलटा. शुद्ध पाण्याची कोरी बाटली सोबत नेऊन तीही तपासायची असते. गावातल्या एका पोराने तिच्याबद्दल विचारले, तर कर्मचारी हसले.

1974 च्या जल कायद्याचे कलम 21 आपल्याला पाठ असेलच. कारखान्याचे सांडपाणी घेताना आधी नोटीस, मग मालकासमोर नमुन्याचे दोन भाग, सील, दोघांच्या सह्या. सांडपाण्याचा एवढा मान! गावाच्या पाण्याला बिनसहीची बाटली.

उदयपूरजवळच्या बिछडीत एच-ॲसिड या रसायनाच्या गाळाने विहिरी लालसर झाल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1996 मध्ये लागला, तरी भरपाईचा वाद 2011 पर्यंत चालला. तिथला रंग निदान डोळ्यांना दिसत होता. इथले पाणी बिनरंगी आहे. बाटलीशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

म्हणून नमुने पुन्हा घ्यावेत, तारीख आधी कळवावी, उपशाची नोंदवही ग्रामस्थांसमोर भरावी आणि सीलबंद दुसरी बाटली ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यावी. नमुने थंड ठेवायला बर्फ लागेल. तो आपल्या अंदाजपत्रकात बसत नसेल, तर गाव वर्गणी काढील. तोवर हा अहवाल फलकावर लावायचा नाही, असे ग्रामसभेने ठरवले आहे.

— वसाहतीखालच्या गावचे ग्रामस्थ