इटालियन क्रियापदांतील आघात

परकी भाषेचीं क्रियापदें शिकावयाचीं म्हणजे त्यांचे प्रत्यय घोकावयाचे, अशी आपल्या विद्यार्थ्यांची समजूत असते. इटालियन भाषेपुरती तरी ती मला घातक वाटते. ‘पार्लो’ हा शब्द घ्या. ‘पार्’ या पहिल्या शब्दावयवावर जोर, म्हणजेच आघात, दिला तर अर्थ ‘मी बोलतों’. ‘लो’वर दिला तर ‘तो बोलला’. काळ बदलला, पुरुषहि बदलला! मराठींत केवळ आघातानें असा अर्थभेद होत नाहीं. म्हणून आपल्या कानाला तो सहसा जाणवत नाहीं.

इटालियन लेखनांत आघाताचें चिन्ह अंत्य अवयवावर द्यावेंच लागतें, इतरत्र तें बहुधा गाळतात. अडचण येते ती यामुळेंच. ‘पार्लाते’, म्हणजे ‘तुम्ही बोलतां’, यांत आघात ‘ला’वर. त्याच चालीवर विद्यार्थी ‘पार्लानो’, ‘ते बोलतात’, हेंहि उच्चारतो आणि फसतो. तेथें आघात ‘पार्’वरच असतो. ‘आबितानो’, ‘ते राहतात’, यांत तर तो चार अवयवांपैकीं पहिल्यावर! नियमित क्रियापदांच्या वर्तमानकाळीं तृतीय पुरुषाच्या एकवचनांतील आघात बहुवचनांत जागा सोडीत नाहीं, एवढें सूत्र आधींच सांगितलें पाहिजे.

देवनागरींत टिपणें घेणाऱ्यांनीं आणखी एक जपावें. ‘पार्लो’चा रफार आपण ‘लो’च्या डोक्यावर देतों, पण अवयव पडतात ‘पार्-लो’. उलट ‘फिनिस्को’, ‘मी संपवितों’, याचे ‘फि-नि-स्को’. येथें आपली लिपि बरोबर ठरते.

वेळ अधिक मोडतो हें खरें. तरी पहिलीं रूपें वही मिटवून, आघाताच्या जागीं टाळी देऊनच म्हणवून घ्यावीं, व लेखन मागाहून करवावें.