वहीपूजन

दिवाळीच्या अंकात कर्जाविषयी लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे. फराळाचे ताट समोर असताना वाचकाला देणेकऱ्यांची आठवण करून देणे हा असभ्यपणा मानला जातो. तो असभ्यपणा मी आज मुद्दाम करणार आहे. 'ऋण काढून सण' ही म्हण आमच्या पूर्वजांनी घडवली ती मूर्खपणाचा दाखला म्हणून. आम्ही तिचा वार्षिक कार्यक्रम करून टाकला आहे. आश्विन लागला की जाहिराती पाहाव्यात. आज न्या, पुढच्या वर्षी फेडा! आणि या सगळ्यात 'कर्ज' हा शब्द औषधालाही सापडत नाही. त्याचे नाव 'सुविधा', किंवा त्याहून गोड, 'मर्यादा'. तुमची मर्यादा वाढवली आहे, असा बँकेचा निरोप आला की माणूस पेढे वाटायच्या बेतात येतो. ज्या भाषेत मर्यादा म्हणजे 'येथे थांब', त्याच भाषेत आता मर्यादा म्हणजे 'आणखी पुढे ये'! शब्दांची इतकी विटंबना झाल्यावर संसारांची व्हायला वेळ तो कितीसा लागणार?

हे मी उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलत नाही. या खड्ड्यात मी चांगला गळ्यापर्यंत उतरलो होतो. साताऱ्यात कारकुनी करणारा मी एक साधा माणूस. मुलीचे लग्न ऐपतीपेक्षा मोठ्या कार्यालयात केले. व्याही काय म्हणतील, हे त्याचे कारण. मग घराला नवा रंग दिला, कारण पाहुणे येणार. मग एक जुनी पण ऐटबाज मोटार घेतली, कारण शेजाऱ्याने नवी घेतली होती. बाकीचे पैसे कुठे गेले ते मला आजही सांगता येत नाही, कारण ते कुठेच लिहिलेले नव्हते.

२०१८ सालच्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. आमच्या पेठेतला किराणा दुकानदार दरवर्षी वहीपूजनाला बोलावतो. त्या वर्षीही आम्ही उभयता गेलो. चौरंगावर नवी वही, तिच्यावर कुंकवाने काढलेले 'श्री', शेजारी झेंडूची फुले. प्रसाद हातावर ठेवता ठेवता तो अत्यंत अदबीने, जवळजवळ कानात म्हणाला, "साहेब, तुमची बाकी नव्या वहीत ओढू ना?" बाकी १९,००० रुपये होती. ती कुजबुज माझ्या पत्नीने ऐकली.

घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. देवापुढचा दिवा सारखा करून तिने विचारले, "अहो, एवढेच आहे ना? का आणखी आहे?"

आणखी होते. त्या रात्री मुलाची एक चौकटीची वही घेऊन आम्ही लिहायला बसलो. बँकेचे वैयक्तिक कर्ज ५,२४,००० रुपये, व्याज १४ टक्के. नोकरदारांच्या पतपेढीचे २,७८,०००, व्याज १२ टक्के. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून २,१३,०००, व्याज महिना साडेतीन टक्के. मेहुण्याचे हातउसने १,५०,०००, आणि दुकानदाराचे ते १९,०००. बेरीज ११,८४,०००. बारा वर्षांच्या संसारात, असे म्हणण्याचीही सोय नव्हती. संसार चोवीस वर्षांचा होता.

मग आम्ही दुसरे पान लिहिले. माझा पगार आणि तिच्या शिकवण्या मिळून महिन्याला ७२,००० येत. घरात ५६,००० खर्च होत आणि हप्त्यांपोटी ३२,००० जात. म्हणजे दरमहा १६,००० रुपयांची तूट, आणि ती कार्डावर भरून निघे. तिसऱ्या पानावर फक्त व्याजाचा हिशेब केला. तो आकडा सोळा हजारांच्या थोडा वरच निघाला. मी कितीतरी वेळ त्या दोन सोळांकडे पाहत राहिलो. व्याज भरता यावे म्हणून आम्ही कर्ज काढत होतो! एका हाताने बँकेचे कर्ज कमी करायचे आणि दुसऱ्या हाताने तेवढेच कार्डावर चढवायचे. एकूण आकडा जागचा हलत नव्हता, आणि 'माझा एकही हप्ता चुकलेला नाही' म्हणून मी मात्र मिशीला पीळ देत होतो.

मुलगा तेव्हा आठवीत होता. तो शेजारी बसून भागाकार करीत होता. म्हणाला, "बाबा, हे रोजचे पाचशे सदतीस रुपये झाले. म्हणजे आपण झोपलो तरी?"

होय, झोपलो तरी. त्याच महिन्यात शाळेच्या सहलीचे आठशे रुपये मी त्याला नाकारले होते आणि वर काटकसरीवर पाच मिनिटे प्रवचनही दिले होते. दीड दिवसाचे व्याज! सहल कधीच जाऊन आली होती. वहीतल्या बाकी साऱ्या रकमा पुढे फिटल्या; ही एक मात्र फिटली नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. मध्यमवर्गीय माणसाला बुडवतो तो पैशाचा तुटवडा नव्हे. त्याला बुडवते ती न लिहिलेली वही. कमी पगारात नीट संसार करणारी माणसे आपण पाहतो आणि मोठ्या पगारात गटांगळ्या खाणारीही पाहतो. फरक असतो तो सगळे आकडे घरातल्या सगळ्यांपुढे मांडण्याच्या धैर्याचा. पत्नीपासून लपवलेले कर्ज सर्वांत महाग, कारण ते लपवण्यासाठी दुसरे काढावे लागते. सावकाराचा खरा मुनीम म्हणजे आपली लोकलज्जा. तो बिनपगारी काम करतो.

आता माझ्या एका विद्वान स्नेह्याचा आक्षेप ऐका. ते म्हणतात, सगळेच काटकसर करू लागले तर देशाचे चक्र थांबेल. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न. वाक्य खरे आहे. पण मी कार्डाला महिन्याकाठी साडेसात हजार व्याज देत होतो ते कोणत्या विणकराचे, कोणत्या कुंभाराचे उत्पन्न होत होते? उलट, ज्या दुकानदाराने मला साखर आणि डाळ दिली त्याचेच पैसे मी थकवले होते. कर्जात बुडालेला माणूस बाजार चालवत नाही. तो गरीब देणेकऱ्याला थांबवून श्रीमंत देणेकऱ्याला व्याज देतो, कारण श्रीमंताचे निरोप येतात आणि गरीब नुसता अदबीने कुजबुजतो.

दुसरे स्नेही इतिहासाचे अभिमानी. ते म्हणतात, अहो, मोठ्या माणसांना कर्ज असायचेच; थोरल्या बाजीरावालाही होते! होते तर. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत त्याने देणेकऱ्यांच्या तगाद्याबद्दल काय गाऱ्हाणे मांडले आहे ते एकदा वाचावे, म्हणजे कर्जाचा अभिमान उतरेल. शिवाय ते कर्ज फौजेसाठी होते, लग्नाच्या मांडवासाठी नव्हे. आणि त्याचाच नातू थोरला माधवराव १७७२ साली थेऊरला मृत्युशय्येवर होता, तेव्हा आपल्यामागे कर्ज फेडले जावे ही चिंता त्याने लेखी नोंदवून ठेवली. पेशव्यांचे अनुकरणच करायचे असेल तर आजोबांच्या कर्जाचे करण्याऐवजी नातवाच्या त्या चिंतेचे करावे.

तिसरे असतात ते कुणीतरी येऊन सारे माफ करील या आशेवर जगणारे. ते तुकोबांचा दाखला देतात. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक आहे. पण तिचा अर्थ मोठ्यांना ठाऊक नाही. तुकोबांनी बुडवली ती लोकांकडून येणारी येणी. स्वतःची देणी नव्हेत. आणि परंपरा असेही सांगते की भावाच्या वाट्याची खते त्यांनी अगोदर वेगळी काढून भावाच्या हवाली केली. वैराग्यातसुद्धा वाटणीचा हिशेब चोख!

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्यावर अन्याय होईल आणि माझ्याकडून इतरांवर. ज्याच्या घरात दोन वेळच्या अन्नाचीच तोंडमिळवणी होत नाही, ज्याचे पीक पावसाने नेले, किंवा ज्याच्या घरात मोठे आजारपण शिरले, त्याला काटकसरीचा उपदेश करणे हा उद्धटपणा आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली, ती काही चैन केल्यामुळे चढलेल्या कर्जाची नव्हती. त्यांना हवा होता कायदा, आणि १८७९ साली तो करावा लागला. कायद्याची गरज आजही संपलेली नाही. आपल्याकडचा दामदुपटीचा जुना नियम सांगत होता की एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. कार्डांच्या बाबतीत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा कुंपण नाही हे धरूनच आपल्यासारख्या पगारदारांनी पाऊल टाकावे.

आता फेडीची हकीकत. प्रथम मोटार विकली. तिचे १,८५,००० आले ते तसेच्या तसे कार्डांवर भरले आणि दोन्ही कार्डे कात्रीने कापली. ज्या कर्जाचे व्याज सर्वांत जास्त ते आधी फेडावे, हे साधे गणित आहे. ते गणित मी एकदाच मोडले: दुकानदाराचे १९,००० बिनव्याजी असूनही सर्वांच्या आधी दिले. मेहुण्याला दरमहा हजार रुपये पाठवू लागलो. त्याने मागितले नव्हते. पण मागितले नाही म्हणून ते कर्ज नव्हते असे थोडेच आहे?

घरखर्च ५६,००० वरून ४४,००० वर आणला. येथे मला त्या उपदेशकांशी भांडायचे आहे, जे म्हणतात की एक कप चहा सोडा, कर्ज फिटेल. आम्ही चहा सोडला नाही. बारा हजार वाचले ते असे: मोटारीचे पेट्रोल व विमा ४,५००, हॉटेले आणि बाहेरून मागवलेले खाणे ३,०००, आहेर आणि भेटी २,५००, कपडे २,०००. म्हणजे पोटाला चिमटा फारसा बसला नाही. बसला तो ऐटीला. तो मात्र सणसणीत बसला. आहेराऐवजी नारळ घेऊन गेलो तेव्हा "यांचे काहीतरी बिनसलेय" ही कुजबुज पाठीमागे ऐकली. पहिल्या वेळी कान तापले. चौथ्या वेळी नारळ चांगला निवडून घेऊ लागलो.

आणि एक नियम पत्नीने घातला: काटकसर आपल्या अंगावर करायची, दुसऱ्याच्या नाही. घरकामाच्या बाईंचा पगार कमी करायचा नाही, त्यांची दिवाळी चुकवायची नाही, भाजीवालीशी दोन रुपयांवरून हुज्जत घालायची नाही. जो गरिबाच्या हक्काचे कापून आपले कर्ज फेडतो तो काटकसरी नव्हे. त्याने फक्त सावकार बदलला.

२०२० साली टाळेबंदी आली आणि शिकवण्या बंद पडल्या. दुष्काळात तेरावा महिना. हप्ते पुढे ढकलण्याची सवलत त्या वर्षी मिळत होती, पण व्याजाला टाळेबंदी नव्हती, हे वहीने आम्हांला लगेच सांगितले. आम्ही जादा भरणे थांबवले, मूळ हप्ते मात्र भरत राहिलो. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मेहुण्याचे शेवटचे पैसे देऊन झाले. सत्तेचाळीस महिने लागले. त्या लक्ष्मीपूजनाला दुकानदाराने पुन्हा बोलावले. नव्या वहीत माझे नाव नव्हते. आयुष्यात कुठे नाव नसल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. कचरा काढते ती लक्ष्मी, इतके शहाणपण आपल्या आयाबायांना होते. व्यापारी वही पुजतात; जिथे हिशेब तिथे लक्ष्मी, इतके शहाणपण त्यांना आहे. आपण पगारदार मात्र नाणे ताम्हनात ठेवून मोकळे होतो आणि ते आले कोठून, हे विचारत नाही. यंदा केरसुणीशेजारी एक साधी वही ठेवा. पूजा झाली, फराळ झाला, मुलांचे फुलबाजे विझले, की घरातल्या सर्वांना भोवती बसवा आणि पहिल्या पानावर खरे आकडे लिहा. कुणीतरी विचारील, "एवढेच आहे ना?" त्या प्रश्नाला खरे उत्तर द्या. तेवढी एक रात्र जड जाते. त्यानंतरच्या सत्तेचाळीस महिन्यांपेक्षा जड, हे मी अनुभवाने सांगतो. पण दिवा लावायचा तो अंधार जिथे आहे तिथे.