पाणकावळा, भोई आणि छायाचित्र

आमच्या जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस, शहागडाकडे, गोदावरीच्या पात्रांत पंख पसरून उन्हांत बसणारा पाणकावळा वाचकांच्या ओळखीचा असेल. चीनमध्यें ग्वांगशी प्रांतांत ली नदीवर कोळी त्याच्या जातभाईंस मासेमारी शिकवीत. गळ्यास दोरी बांधीत, म्हणजे मोठा मासा पक्ष्याच्या घशाखालीं उतरत नसे. आतां त्या धंद्यावर तेथें पोट भरत नाहीं. वृद्ध कोळी कंदील व पक्षी घेऊन तराफ्यावर बसतात, तें छायाचित्रकारांनीं दिलेल्या पैशांसाठीं. पैसे घेण्यांत आम्हांस कांहींच गैर दिसत नाहीं. त्या देखाव्यास खरी मासेमारी म्हणून छापणें मात्र लबाडीचें आहे.

हें लिहिण्याचें कारण घराजवळचें आहे. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें. तेव्हांपासून, पावसाळा सरल्यावर, खालच्या पात्रांत पाणी किती राहील हें पुष्कळसें धरणाच्या दारांवर ठरतें. भोयांचें जाळेंहि त्याच पाण्यावर.

विद्यार्थिमित्रांनो, भ्रमणध्वनि आतां घरोघरीं आहे. छायाचित्रें अवश्य काढा. पण भोयास खोटें जाळें फेकावयास लावूं नका. तो आपल्या कामास लागेपर्यंत थांबा, त्याची अनुमति घ्या. कोणता मासा येईनासा झाला, हें त्याला विचारून चित्रामागें सालासह लिहून ठेवा. आणि एक प्रत त्याच्या घरीं नेऊन द्या.