खांद्यावरची झोळी आणि सायकलची स्वारी

"सायकल घेतली, हेल्मेट घेतलं, कुलूपही घेतलं. आता बॅग कसली घेऊ?" गेल्या दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. दोघी नोकरीला जाणाऱ्या, एक कॉलेजचा मुलगा आणि चौथी माझी स्वतःची सून. बाहेरच्यांना "बघून सांगते" म्हणून वेळ मारून नेता येते, घरातल्या माणसाला ते चालत नाही. म्हणून यंदा हा विषय.

बेळगावला सायकलचं अप्रूप तसं जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते आपल्या या गावात. नांगर आणि कडबाकुट्टी नंतरची, आणि किर्लोस्करवाडी तर १९१०ची. मधल्या काळात दुचाकींनी सायकलला रस्त्याच्या कडेला ढकललं होतं. आता कॅम्पातल्या झाडांखालून सकाळी हेल्मेट घातलेली तरुण मंडळी पुन्हा जाताना दिसतात आणि बरं वाटतं. फक्त त्यांच्या सायकलींना कॅरिअर नसतं. आमच्या काळी सायकल म्हटली की मागे कॅरिअर आणि त्यावर दप्तर, हे ठरलेलंच. आता ओझं आलं ते माणसाच्या अंगावर.

माझी सून धारवाडची. शाळेपासून सायकल चालवलेली. बाळंतपणानंतर वर्षभराने नोकरीवर रुजू झाली तेव्हा तिने ठरवलं, टिळकवाडीहून उद्यमबागेत सायकलनेच जायचं. बाळ आणि घर यांच्या मध्ये तेवढा अर्धा तास तिचा स्वतःचा. हे तिने बोलून दाखवलं नाही, पण बाईमाणसाला कळायला बोलावं लागतंच असं नाही. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी ती कामावर न जाता परत आली. कंपनीने दिलेली लॅपटॉपची बॅग तिच्या खांद्याला होती, बारीक पट्ट्याची, गुळगुळीत. पुढे खड्डा दिसला म्हणून तिने ब्रेक लावला, तशी पाठीवरची बॅग सरकन फिरून पोटाशी आली आणि गुडघ्यावर आपटली. हँडल डगमगलं. मागून ट्रक येत होता. ट्रकवाला शहाणा, त्याने वेळीच वेग कमी केला. "अत्ती, हँडल हातात राहिलंच नाही बघा," एवढंच ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

संध्याकाळी घरात बैठक बसली. ह्यांचं म्हणणं, सायकल विकून टाका, रिक्षा लावा. मुलाचं म्हणणं, मी सोडत जाईन. सून गप्प. मी म्हटलं, दोष सायकलचा नाही, बॅगेचा आहे. आधी बॅग बदलू, मग सायकलीचं बघू. त्यानंतर महिनाभर मी बॅगांमागे लागले.

दुकानात 'मेसेंजर बॅग' या नावाने जे काही मिळतं, ते मुळात कशासाठी होतं हे समजलं की निवड निम्मी सोपी होते. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत कचेऱ्यांची पाकिटं सायकलवरून पोहोचवणारे निरोपे असत. दिवसभर उतरायचं, पाकीट काढून द्यायचं, पुन्हा निघायचं. दोन पट्ट्यांची पाठपिशवी दर वेळी काढणं-घालणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून एकाच रुंद पट्ट्याची, छातीवरून तिरकी जाणारी, पाठीवर आडवी पडणारी आणि खांद्यावरून न काढता पुढे ओढता येणारी पिशवी आली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका निरोप्याने १९८९ साली अशा पिशव्या शिवायला घेतल्या, त्यातून पुढे टिंबकटू नावाची कंपनी उभी राहिली. झुरिकच्या फ्रायटाग भावांनी १९९३ साली ट्रकच्या जुन्या ताडपत्र्या कापून तशाच पिशव्या केल्या. आपल्याला यात नवल ते काय? आपल्या पोस्टमनची खाकी पिशवी, पूर्वीच्या कार्यकर्त्यांची शबनम, ही त्याच कुळातली. आपण झोळी म्हणतो, सून जोळिगे म्हणते. वस्तू एकच.

फरक एवढाच की झोळी चालणाऱ्याची आणि ही वाकून सायकल चालवणाऱ्याची. ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. गिअरच्या सायकलवर माणूस पुढे झुकलेला असतो, त्याची पाठ उतरत्या छपरासारखी होते आणि बॅग त्यावर निजते. आपल्या साध्या दांड्याच्या किंवा लेडीज सायकलवर आपण ताठ बसतो. तिथे हीच बॅग कमरेखाली लोंबते आणि कुल्ल्यावर आपटत राहते. ताठ बसून सायकल चालवत असाल तर मेसेंजर बॅगेच्या फंदात पडूच नका. कॅरिअर लावून घ्या आणि त्यावर रबरी पट्ट्याने बांधा. लॅपटॉप असेल तर खाली जाड फोम घाला, कारण आपल्या रस्त्यांचे धक्के कॅरिअरवर थेट पोहोचतात. आणि पिशवी हँडलला अडकवणं तर नकोच. ती चाकाच्या तारांत कधी जाईल सांगता येत नाही.

बॅग सरकून पुढे येते ती का? वजन एका खांद्यावर तोललेलं असतं. ब्रेक लावला की आपण थांबतो, बॅग थांबत नाही. काखेखालून ती पुढे वळते. हे अडवायला एक बारीक तिसरा पट्टा लागतो. बॅगेच्या खालच्या कोपऱ्यातून निघून काखेखालून किंवा कमरेभोवतून तो मुख्य पट्ट्याला जोडला जातो. बाजारात मेसेंजर म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी बॅगांना हा पट्टाच नसतो. त्या दिसायला मेसेंजर, प्रत्यक्षात कचेरीच्या. रंग, कप्पे, मोबाइलचा खिसा हे सगळं नंतर. आधी तिसरा पट्टा शोधा, नसेल तर ती बॅग खाली ठेवा. माझ्या मते एवढ्यावरच निम्मी दुकानं बाद होतात.

मुख्य पट्टा चार बोटं तरी रुंद हवा. त्याची पकड एका हाताने घट्ट आणि एका हाताने सैल करता आली पाहिजे, कारण पडण्याची वेळ आली तर दोन हात मोकळे कुठले? पट्ट्याला फिरत्या आकड्या असतील तर त्या ओढून बघा. धक्क्याने त्या निसटतात, प्लॅस्टिकच्या तर तुटतातच. पट्टा बॅगेला सरळ शिवलेला असणं सगळ्यांत उत्तम. पट्ट्याचं लोंबतं टोक मात्र आत खोचायला विसरू नका. ओढणीचं जे होतं तेच त्याचं मागच्या चाकात होतं.

दुकानात बॅग रिकामी घालून आरशात बघणं हे काही खरं बघणं नव्हे. दुकानदाराकडून दोन-तीन किलोचं काहीतरी मागून घ्या, वह्यांचा गठ्ठा चालेल. तो आत घाला, हँडल धरल्यासारखं वाका आणि उजव्या खांद्यावरून मागे बघा. उजवीकडे वळताना आपल्याला हेच करायचं असतं. बॅगेचा कोपरा मानेला टोचला किंवा मागचं दिसलं नाही तर पट्टा कमी करा, तरीही नाही जमलं तर दुसरी बघा. काही बॅगा एकाच खांद्यासाठी कापलेल्या असतात, डाव्या की उजव्या तेही तेव्हाच कळतं. मी दुकानात असं वाकून दाखवलं तेव्हा नोकर हसत होता. हसू दे.

आता वजन. सुनेचं रोजचं सामान मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवलं. लॅपटॉप एक किलो नऊशे, चार्जर चारशे, भरलेली बाटली अकराशे, डबा नऊशे, छत्री-पाकीट-किल्ल्या सातशे. बरोबर पाच किलो! बाळंतपणातून उठलेल्या बाईच्या एका खांद्यावर रोज हे नको. बाटली सायकलच्या दांड्यावर बसवली. दुसरा चार्जर ऑफिसात ठेवायला सांगितला. ओझं साडेतीन किलोवर आलं. माझा ठोकताळा असा, की तीन-चार किलोपर्यंत एका पट्ट्याची बॅग, त्यापुढे दोन पट्ट्यांची आणि त्याहून जास्त असेल तर कॅरिअर. आज डावा खांदा, उद्या उजवा असं करता आलं तर आणखी चांगलं. शाळकरी मुलांना मात्र एका पट्ट्याची बॅग देऊच नका, कितीही हट्ट करू देत. केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं असं म्हटलं आहे. म्हणजे तीस किलोच्या पोराला तीन किलो. ते दोन्ही खांद्यांवर वाटलेलंच बरं.

शेवटी आम्ही बॅग विकत घेतलीच नाही. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराला चित्र काढून दिलं. रुंद पट्टा गाडीच्या सीटबेल्टचा. आतलं अस्तर वरच्या कडेलाच शिवायला लावलं, खाली सुटं. असं केल्याने बाहेरच्या शिवणीतून पाणी झिरपलं तरी अस्तराला भोक नसतं, सामान कोरडं राहतं. चेन लावू दिली नाही. धुळीने आणि पावसाने ती आधी अडकते, मग उसवते. वरचं झाकण मोठं, दोन्ही बाजूंनी खाली येणारं, चिकटपट्टी आणि वर बकल. चिकटपट्टीने सुनेच्या एका कुर्त्याचे धागे ओढले खरे, म्हणून रुंदी अर्धी करून घेतली. मागे चमकणारी पट्टी आणि लाल दिवा अडकवायला एक नाडी. कारागिराने साडेआठशे रुपये घेतले. घरी आणल्यावर आत वर्तमानपत्रं कोंबून मोरीत तिच्यावर दोन तांबे पाणी ओतलं. कागद कोरडे निघाले.

पहिल्या दिवशी ती परतली तेव्हा ह्यांनीच आधी विचारलं, कशी काय बॅग? "भाळ छलो ऐत्री," सून म्हणाली आणि बाळाला घेऊन आत गेली. रिक्षाचा विषय पुन्हा निघाला नाही. पाठ घामाने भिजते ही तक्रार आहेच. बॅग पाठीला चिकटून राहणार म्हटल्यावर ते व्हायचंच. ती आता बॅगेत एक कोरडा कुर्ता नेते.

आपल्या पावसात ताडपत्रीलाही बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये घरी आल्यावर बॅग रिकामी करा, उलटी करून खुंटीला टांगा. डबा कधीही रात्रभर आत राहू देऊ नका. चिकटपट्टीत अडकलेला कापूस जुन्या टूथब्रशने काढा. साबण साधा, पाणी गार. मशीनमध्ये घालू नका, आतलं अस्तर निघून येतं.