चिमणीचाही फोटो काढा

कॅमेरा हाती आला की पाय ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांकडे वळतात. भिवंडीत यंत्रमागांच्या गल्लीत, विजेच्या तारेवर बसलेली चिमणी कोण टिपतो? अभ्यासकांना मात्र तिचीही नोंद हवी असते. देशातील पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२० च्या अहवालानुसार चिमण्यांची संख्या एकंदरीत स्थिर आहे. मुंबईसह सहा महानगरांत मात्र ती घटते आहे. हे कळले ते हौशी पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या नोंदींमुळे. जिथे नोंदच नाही, तिथली घट कळणार कशी?

चिमणीची पिल्ले किड्यांवर वाढतात. ती दिसेनाशी झाली, तर परिसरात काहीतरी बदलले असण्याची शक्यता असते. म्हणून मागाच्या शेडखाली, गोदामाच्या भिंतीवर, वऱ्हाळदेवी तलावाकाठी दिसेल तो पक्षी टिपा. चिमणी, कावळा, साळुंकी, घार, काहीही चालेल. पक्षी ओळखता आला, तर मोबाइलवरचा फोटोही पुरे. तारीख, वेळ, ठिकाण आणि संख्या मात्र लिहाच. घरट्याजवळ जाऊ नका, फ्लॅश वापरू नका. आणि दर आठवड्याला त्याच गल्लीत परत जा. एका फोटोतून पक्षी दिसतो, वर्षभराच्या नोंदींतून बदल दिसतो.