भिंती पडल्या, खांब उभे राहिले

धाराशिव जिल्ह्यात जुना वाडा पाडायचा झाला की एकच कारण पुरतं: भूकंपात हीच घरं पडली.

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. किल्लारी लातूरमधलं, पण सास्तूर आणि भोवतालची गावं आपली, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांच्या आठवणीपुढे दगडमातीच्या घराची बाजू घ्यायला जीभ रेटत नाही. तरी घेतो, कारण निकाल चुकीचा लागला आहे.

त्या घरांच्या भिंती दोन फुटांहून जाड होत्या; आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मधे गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. हादऱ्यासरशी भिंत उभी फाटली. माळवदाचा भार जिथे थेट भिंतीवर होता, तिथे पांढऱ्या मातीचा सगळा थर झोपलेल्यांवर आला. पण जिथे लाकडी खांब-तुळयांवर खण उभे होते, तिथे पुष्कळदा भिंती ढासळूनही माळवद वर तसंच राहिलं. पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी तेव्हाच हे नोंदवलं. जुन्या गवंड्या-सुतारांचं ज्ञान जिथे शाबूत होतं, तिथे माणसं वाचण्याची शक्यता जास्त होती.

पुढे 52 गावं हलवली. जमिनीच्या हिशेबाने घरं मिळाली: 250, 450 किंवा 750 चौरस फूट. पक्की आणि सुरक्षित घरं, हे मान्य. पण शेजार भावकीऐवजी सातबाऱ्याने ठरला. वाटसरूला टेकायला ढाळज नाही, धान्याला बळद नाही. जी गावं जागेवरच राहिली, तिथे भिंती मजबूत करायला अनुदान होतं. पुष्कळांनी त्यातून शेजारी नवी खोली बांधली आणि जुनं घर तसंच सोडलं. भीती खरी होती, त्यांना दोष कसा देणार?

आज तीस वर्षांनंतरही तीच भीती वाडे पाडायला वापरली जाते, हे मात्र मला मान्य नाही. आरपार दगड बसवता येतात, कोपरे सांधता येतात, माळवदावर साचलेली जादा माती उतरवता येते. नगरपालिकांनी पाडकामाची परवानगी देण्याआधी वाड्याचा नकाशा काढावा, खण मोजावेत, आणि भार खांबांवर आहे की भिंतीवर, हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं. खांबांवर असेल, तर दुरुस्तीचा खर्च आधी काढावा, पाडण्याचा नंतर.