निकाली निघाला, पण निकाल कुठाय?

या विकांताला कोडवर काही नाही, कोर्टावर लिहितोय. अर्थात मुद्दा आमच्या धंद्यातलाच आहे म्हणा.

सर्व्हरला विनंती पाठवली आणि ठरावीक वेळात उत्तर आलं नाही, की त्याला आम्ही टाइमआउट म्हणतो. आता कुणी लॉगमध्ये टाइमआउटच्या पुढे 'उत्तर दिलं' असं लिहिलं तर त्याची नोकरी टिकेल का? ई-कोर्टाच्या साइटवर मात्र हे खुशाल चालतं. केस डिस्पोज्ड! आणि खाली बारीक अक्षरांत, 'अनकंटेस्टेड, डिसमिस्ड इन डिफॉल्ट'. म्हणजे पुकारा झाला, वादी आला नाही, दावा काढून टाकला. जमीन कुणाची या प्रश्नाला कुणी हातही लावला नाही. दोन भावांनी राजीखुशीने केलेली तडजोडसुद्धा याच अनकंटेस्टेडच्या ढिगात मोजली जाते. मग कोर्टाचा कारभार सुधारला म्हणून आकडे दाखवायला आपण मोकळे.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. ऑर्डर ९ चा नियम ८ सांगतो, प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर, तर दावा डिसमिस. नियम ९ म्हणतो, त्याच कारणावर नवा दावा आणता येणार नाही, जुनाच पुन्हा फाईलवर घ्या म्हणून अर्ज करा. त्याला मुदत ३० दिवस, आणि ती मोजायची दावा डिसमिस झाल्याच्या तारखेपासून, तुम्हाला कळल्यापासून नाही. उलट प्रतिवादीवर एकतर्फी हुकूमनामा झाला आणि समन्स नीट बजावलं नव्हतं, तर त्याचे ३० दिवस त्याला कळल्यापासून सुरू होतात. असं का? तर म्हणे दावा वादीनेच आणलाय, तारीख त्याला माहीत असणारच. हे लिहिणाऱ्याने संग्रामपूर तालुक्यातून पावसाळ्यात एकदा एस.टी. पकडून बघावी!

त्यात वादी वारला तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणायचे. नाही आणले तर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो, न्यायाधीशाला हुकूमसुद्धा करावा लागत नाही. घरात तेरावं, पेरणी, सोसायटीचं कर्ज... कोण मोजणार ते ९० दिवस?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर हे फार जवळचं दुखणं आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प, मेहकर-सिंदखेडराजाकडून समृद्धी महामार्ग. जमीन गेली की मोबदल्याचं भांडण आलंच. इथे एक गोष्ट कोरून ठेवा. १८९४ च्या जुन्या, आता रद्द झालेल्या भूसंपादन कायद्यात कलम १८ खाली वाढीव मोबदल्याचा संदर्भ कोर्टात गेला, की शेतकरी गैरहजर राहिला तरी तो डिफॉल्टमध्ये काढता येत नाही, गुणदोषावर निवाडा द्यावाच लागतो. खजान सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे २००२ मध्येच स्पष्ट केलं. फौजदारी अपिलाबद्दल तर १९९६ पासून तसंच आहे (बानी सिंग प्रकरण). म्हणजे गैरहजेरीतही प्रश्नाचं उत्तर देता येतं. मग वाटणीच्या दाव्यालाच काय झालंय?

आणि हे काही आजचं शहाणपण नाही. बुलढाणा ज्या नागपूर हायकोर्टाखाली होतं, तिथले एकेकाळचे मुख्य न्यायाधीश व्हिव्हियन बोस. त्यांनी १९५५ मध्ये सुप्रीम कोर्टात संग्राम सिंग प्रकरणात बजावलं होतं, की प्रक्रियेचे नियम न्यायाला मदत करायला असतात, माणसाला पाय घालून पाडायला नाही. १९८१ च्या रफिक प्रकरणात तर वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असंही सुप्रीम कोर्टाने म्हटलं. तरी खालच्या कोर्टात विलंबमाफीच्या अर्जावर वर्ष-वर्ष जातं ते जातंच.

हो, मनाईहुकूम मिळवून वर्षानुवर्षं तारखा खाणारे वादी असतात, मान्य. त्यांचे दावे काढाच. समोरच्यानेही किती खेटे घालायचे? पण न येणारा आणि येऊ न शकणारा यांतला फरक कळायला आधी विचारावं तरी लागेल ना! दाव्यावर पक्षकाराचा स्वतःचा मोबाईल नंबर सक्तीचा करा. डिसमिस करण्याआधी त्याला मराठीत एसेमेस आणि पोस्टाने नोटीस पाठवा, ३० दिवस त्यानंतर मोजा. आणि ते 'डिस्पोज्ड'चे आकडे सांगताना डिफॉल्टचा ढीग वेगळा काढा. एका फील्डवर फिल्टर लावायचाय फक्त, विकांतात होईल.

तोवर गावाकडे वडिलांच्या नावाने एखादा दावा पडून असेल, तर वकिलाकडून त्याचा १६ अक्षरी सीएनआर नंबर मागून घ्या आणि पुढची तारीख स्वतः बघा.